शरीरातील विद्युत्‌-यंत्र आणि आपली चिकित्सा

कंपवात आणि जुनाट पाठदुखी या व्याधींचे रुग्ण आयुर्वेदाकडे मोठ्या अपेक्षेने येतात. त्यांपैकी काहींच्या शरीरात आज विद्युत्‌-उद्दीपन करणारे यंत्र बसविलेले असते. रुग्ण ते आपणहून सांगतोच असे नाही. कित्येकदा ‘छातीत बॅटरी आहे’ एवढेच तो सांगतो. हे यंत्र काय करते आणि ते असताना आपल्या कोणत्या उपचारांना मर्यादा पडते, हे वैद्य व औषधविक्रेते या दोघांनीही जाणणे अगत्याचे आहे.

वेदनेवरील उद्दीपन

विजेने वेदना शमविण्याची कल्पना जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्याने शिरःशूल व वातरक्तसदृश विकारात विद्युत्‌-मत्स्याचा स्पर्श सांगितला होता. तिला शास्त्रीय बैठक मिळाली ती १९६५ मध्ये. रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी असे मांडले की, स्पर्शाचे संदेश वाहणारे जाड मज्जातंतू उत्तेजित झाले की मेरुरज्जूच्या पातळीवर वेदनेच्या संदेशांची वाट अडते. ठेच लागलेली जागा आपण नकळत चोळतो, त्यामागचे कारण हेच. १९६७ मध्ये अमेरिकेतील शल्यचिकित्सक नॉर्मन शीली यांनी मेरुरज्जूच्या मागील भागावर पहिले उद्दीपक यंत्र बसविले.

आजच्या पद्धतीत बारीक विद्युत्‌-अग्रे पृष्ठवंशाच्या आत, मेरुरज्जूच्या आवरणाबाहेर ठेवतात आणि बॅटरीयुक्त यंत्र नितंबाच्या वरच्या भागात किंवा उदराच्या त्वचेखाली बसवितात. शस्त्रक्रियेनंतरही न थांबणारी पाठ-पायांची वेदना व मधुमेहजन्य मज्जाविकार ही त्याची प्रमुख क्षेत्रे होत. कायमचे यंत्र बसविण्यापूर्वी काही दिवस तात्पुरत्या अग्रांनी चाचणी घेतात व पुरेसा आराम मिळाला तरच पुढे जातात.

कंपवातावरील उद्दीपन

माधवनिदानात वातव्याधींमध्ये वेपथूचे वर्णन आहे. पार्किन्सनच्या व्याधीशी आपण त्याची तुलना करतो. पूर्वी अशा कंपासाठी मेंदूतील थॅलॅमस या केंद्राचा छोटा भाग शल्यकर्माने नष्ट करीत. त्यासाठी योग्य जागा शोधताना जलद गतीचे विद्युत्‌-स्पंद दिले तर ऊतक नष्ट न करताही कंप थांबतो, हे फ्रान्समधील ग्रनोब्ल येथील आलिम-लुई बेनाबिद यांच्या लक्षात आले. १९८७ पासून त्यांनी याच तत्त्वावर कायमस्वरूपी उद्दीपनास आरंभ केला. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने कंपासाठी १९९७ मध्ये व पार्किन्सनसाठी २००२ मध्ये या उपचारास मान्यता दिली.

यात मेंदूतील अग्रांपासून निघालेली तार कानामागून व मानेतून त्वचेखाली उतरून अक्षकास्थीखालील यंत्रास मिळते. सेकंदाला साधारणतः १३० स्पंद दिले जातात. कंप, ताठरपणा, हालचालींतील मंदता व औषधांमुळे होणाऱ्या अनैच्छिक हालचाली यांत मोठा उतार पडतो. व्याधी मात्र मुळापासून जात नाही. बोलणे, तोल व स्मृती यांत विशेष सुधारणा होत नाही. मलावष्टंभ व निद्रानाशही बहुधा उरतात. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतरही हे रुग्ण आपल्याकडे येत राहतात.

कोठे सावध राहावे?

१. डायथर्मी : पंचकर्म केंद्रांतून स्वेदनाला पूरक म्हणून हे यंत्र ठेवलेले आढळते. शॉर्टवेव्ह, मायक्रोवेव्ह वा अल्ट्रासाउंड यांपैकी कोणतीही डायथर्मी या रुग्णांस शरीराच्या कोणत्याही भागावर देऊ नये. तिची ऊर्जा तारेमार्गे अग्रांशी पोहोचून तेथील ऊतक जाळू शकते. दात काढल्यानंतर जबड्यावर डायथर्मी दिल्यामुळे अशा एका रुग्णाच्या मेंदूस गंभीर इजा झाल्याची नोंद २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. यंत्र बंद केले तरी हा धोका टळत नाही.

२. विद्युत्‌-दहन : अर्शादी विकारांत वापरले जाणारे एकध्रुवी दहनयंत्र या रुग्णांत टाळावे. जेथे क्षारसूत्र योग्य असेल, तेथे ते श्रेयस्कर. त्वचेवरून विद्युत्‌-स्पंद देणारी वेदनाशामक यंत्रेही शल्यचिकित्सकास विचारल्याविना लावू नयेत.

३. अभ्यंग व शिरोबस्ती : यंत्रावर, कानामागे व तारेच्या मार्गावर मर्दन करू नये, तार सरकते वा तुटते. शिरोबस्तीचा घट्ट पट्टा तारेवर दाब देतो. मानेला झटका वा ताण देणे वर्ज्य. पाठीतील यंत्र असल्यास कटिबस्तीपूर्वी अग्रांची जागा विचारून घ्यावी. यंत्रावरील त्वचा लाल झाली, सुजली वा स्रवू लागली, तर लेप लावीत बसू नये. रुग्णास त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

४. कपिकच्छू : औषधविक्रेत्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. कवचबीजात लेव्होडोपा असते, हे दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्येच दाखविले. लंडनमधील २००४ च्या आठ रुग्णांवरील अभ्यासात ३० ग्रॅम बीजकल्पाचा परिणाम प्रचलित गोळीपेक्षा लवकर सुरू झाला व अधिक काळ टिकला. मेंदूतील उद्दीपनानंतर अनेकांच्या लेव्होडोपाची मात्रा बरीच कमी केलेली असते व यंत्राची जुळणी तिच्याशी साधलेली असते. वर ‘बल्य’ म्हणून चूर्ण चालू केले, तर अनैच्छिक हालचाली, भ्रम, मळमळ वा रक्तदाबातील घट संभवते. हे द्रव्य परिणामकारक आहे, म्हणूनच ते न विचारता देता कामा नये.

५. चालू औषधे : आपला उपचार सुरू होताच रुग्ण गोळ्या सोडतो, असा अनेकदा अनुभव येतो. या व्याधीत औषध एकाएकी थांबणे जीवावर बेतू शकते. बॅटरी संपल्यानेही लक्षणे अकस्मात उफाळतात. कंप एकदम वाढल्यास वातप्रकोप ठरविण्यापूर्वी यंत्राची तपासणी करवून घ्यावी. न भारता येणारी बॅटरी सामान्यतः तीन ते पाच वर्षे टिकते.

आपले कार्यक्षेत्र

या मर्यादा सांभाळूनही आपल्या हाती पुष्कळ काही उरते. मलावष्टंभावर स्नेहयुक्त आहार व योग्य बस्ती, निद्रेसाठी पादाभ्यंग आणि दिनचर्येचे नियमन यांत यंत्राची आडकाठी येत नाही. रुग्णपत्रिकेत ‘शरीरात कोणते यंत्र आहे काय? त्याचे ओळखपत्र जवळ आहे काय?’ हे दोन प्रश्न छापून घ्यावेत. औषधालयातही कपिकच्छूयुक्त कल्प देताना ‘कंपवाताची गोळी चालू आहे का?’ असे विचारण्याचा प्रघात पाडावा. दोष, दूष्य, बल व काल यांचे परीक्षण करणाऱ्या वैद्याने रुग्णाच्या देहातील या नव्या वस्तूचीही दखल घेणे क्रमप्राप्त आहे.