दोन तिकिटे, दोन वजनकाटे

चिकलठाण्याहून मुंबईमार्गे जेद्दा-दुबईला जाणाऱ्या वाचकांनी एजंटला आधी विचारावे : दोन्ही विमाने एकाच तिकिटावर आहेत काय? असतील आणि कंपन्यांचा आपसांत करार असेल, तर सामानाचा एकच नियम सहसा शेवटपर्यंत चालतो. तो तिकिटावर लिहिलेला असतो. तिकिटे वेगळी असली की प्रत्येक कंपनीचा काटा वेगळा. परतताना आखाती विमानात ३० किलो मोफत आणलेत तरी मुंबईत सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते, आणि देशांतर्गत विमानात साधारणतः १५ किलोच मोफत. उरलेल्या १५ किलोंचे किलोमागे दाम! खजुराच्या पेट्या नि जमजमचा कॅन इथेच महाग पडतो. आम्ही तर म्हणू, ओझे जड असेल तर मुंबईहून रात्रीची देवगिरी एक्सप्रेस गाठावी.