अभ्यासाचा मोबाईल, खेळाचा मोबाईल

जळगाव आणि भुसावळ या दोन शहरांच्या दरम्यान, राष्ट्रीय महामार्गालगत नशिराबाद हे मोठे गाव वसले आहे. सभोवार केळी व कापसाची शेती, एका बाजूस जळगावची औद्योगिक वसाहत, तर दुसऱ्या बाजूस भुसावळचे रेल्वे केंद्र. अशा परिसरात आईवडील दिवसभर शेतात वा कारखान्यात राबत असतात, आणि शाळेतून घरी आलेल्या मुलाचा पहिला सोबती पुष्कळदा मोबाईल हाच असतो. हाच सोबती दुसऱ्या दिवशी दप्तरात बसून वर्गात येतो. गुरुजी फळ्याकडे वळले, की मागच्या बाकावर वहीच्या आडोशाने खेळ सुरू होतो. हे चित्र कोण्या एका गावाचे नाही. महाराष्ट्रातील असंख्य शाळांपुढे आज हा प्रश्न उभा आहे. मोबाईल शाळेतून हद्दपार करावा, की अभ्यासाचे साधन म्हणून त्याला शिस्त लावावी? या प्रश्नाचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

मोबाईल वर्गात आला कसा?

मुलांच्या हाती मोबाईल देणारे हात वडीलधाऱ्यांचेच आहेत, ही गोष्ट प्रथम मान्य करावयास हवी. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षणाची सारी भिस्त मोबाईलवर येऊन पडली. 'असर' या ग्रामीण शिक्षणविषयक पाहणीनुसार, २०१८ मध्ये शाळेत जाणाऱ्या ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये हे प्रमाण ६१.८ टक्क्यांवर गेले. ज्या कुटुंबाला नवा मोबाईल परवडत नव्हता, त्यानेही पोटाला चिमटा घेऊन तो घेतला, तो मुलाच्या अभ्यासासाठीच.

शाळा पुन्हा भरू लागल्या. मोबाईल मात्र हातातून सुटला नाही. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येत असल्याचे आढळले. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात त्याचा अभ्यासाशी निगडित उपयोग केला होता, तर समाजमाध्यमांसाठी तो वापरणारे सुमारे ७६ टक्के होते. अभ्यासासाठी आलेले साधन करमणुकीकडे किती झुकले आहे, ते या दोन आकड्यांवरून ध्यानी यावे.

तथापि या साधनाचा गुणही विसरून चालणार नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले या शिक्षकांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही हे कोड आले, आणि २०२० मध्ये श्री. डिसले यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा जागतिक सन्मान लाभला. साधन तेच, एका वर्गात ते धडा उलगडते आणि दुसऱ्या वर्गात धडा बुडविते. हा फरक वापराच्या शिस्तीने पडतो.

खेळ मुलाला धरून कसा ठेवतो?

मुलाला केवळ 'आळशी' म्हणून दोष देण्यापूर्वी खेळाची रचना समजून घेणे उपयुक्त ठरेल. आट्यापाट्या किंवा कबड्डीचा डाव अंधार पडला की मोडतो. ऑनलाईन खेळाला असा शेवट नसतो. एक पायरी संपण्यापूर्वीच पुढची समोर येते. रोज हजेरी लावणाऱ्यास बक्षीस मिळते आणि एक दिवस चुकला की साखळी तुटते. कोणत्या पेटीतून काय निघेल हे आधी कळत नाही. या अनिश्चिततेमुळेच हात पुनःपुन्हा पडद्याकडे वळतो.

लढाईच्या काही लोकप्रिय खेळांत एक डाव जवळजवळ अर्धा तास चालतो. तो मध्येच थांबविता येत नाही. चौघांच्या तुकडीतील एकाने मोबाईल खाली ठेवला, तर उरलेल्या तिघांचा डाव अडचणीत येतो. म्हणजेच तासाच्या प्रारंभी सुरू झालेला डाव तास संपेपर्यंत मुलाला सोडत नाही, आणि गुरुजींची आज्ञा व मित्रांचा रोष यांच्या कात्रीत ते मूल सापडते. खेळ फुकट मिळत असला तरी त्यातील हत्यारे, पोशाख व इतर वस्तू विकत घ्याव्या लागतात. मूल जितका वेळ खेळेल, तितका खेळ चालविणाऱ्याचा लाभ वाढतो.

एखाद्या खेळावर बंदी घालून हा प्रश्न सुटत नाही, असा अनुभव आहे. केंद्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. त्यांत 'पबजी' होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फ्री फायर'वर बंदी आली. मुले दुसऱ्या खेळांकडे वळली. खेळाचे नाव बदलले. सवय तशीच राहिली.

दोन गावे, दोन मार्ग

या बाबतीत राज्यातील दोन गावांचे निर्णय लक्षात घेण्याजोगे आहेत. यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बान्सी या गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाईल वापरास मनाई केली.

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निराळी वाट धरली. सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजतो आणि घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाईल बंद होतात. साडेआठपर्यंतचा हा दीड तास मुलांच्या अभ्यासाचा व घरातील गप्पागोष्टींचा. हा निर्णय महिलांच्या ग्रामसभेत झाला. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायत कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन तो समजावून दिला.

बान्सीचा नियम मुलांना बांधतो. वडगावचा नियम थोरामोठ्यांनाही बांधतो. आई मालिका पाहात असताना आणि वडील मोबाईलवर बोट फिरवीत असताना मुलाने पुस्तक उघडावे, ही अपेक्षा फोल होय. वडगावच्या भोंग्याचे खरे मर्म यातच आहे. शाळेसही हाच दंडक लागू पडतो. तास चालू असता शिक्षकांचा मोबाईलही पेटीतच असावा.

वर्गात काय करता येईल?

शाळेत मोबाईल असावा की नसावा, याविषयी दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली. सरसकट बंदी इष्ट वा व्यवहार्य नाही. शक्य असेल तेथे विद्यार्थ्यांनी शाळेत येताच मोबाईल जमा करावा, वर्गात त्याचा वापर होऊ नये, आणि त्याच्या जबाबदार वापराचे शिक्षण शाळेने द्यावे, असा त्यांचा आशय आहे. ग्रामीण शाळांनाही पुढील गोष्टी फारशा खर्चावाचून करता येतील.

१. शाळेत येताच मोबाईल बंद करून पेटीत ठेवावा आणि जाताना परत द्यावा. पेटीची जबाबदारी कोणाची, हे शाळा व्यवस्थापन समितीने आधीच ठरवावे. म्हणजे हरवल्या-फुटल्याचे वाद उद्भवणार नाहीत.

२. मोबाईल वा टॅब लागणारा तास आदल्या दिवशी जाहीर करावा. त्या तासात कोणते काम, किती मिनिटांत पूर्ण करावयाचे, हे फळ्यावर लिहावे. काम संपताच साधन पेटीत जावे.

३. 'दीक्षा' अ‍ॅपवरील पाठ आधीच उतरवून घेता येतात आणि ते इंटरनेटवाचून पाहता येतात. वर्गात इंटरनेट बंद ठेवून पाठ दाखविल्यास ऑनलाईन खेळाची वाट आपोआप बंद होते. सर्व उपायांत हा सर्वांत सोपा व बिनखर्ची आहे.

४. चार-पाच विद्यार्थ्यांत एकच साधन द्यावे. एकाने हाताळावे, एकाने वाचावे, एकाने टिपून घ्यावे आणि कामे आळीपाळीने बदलावीत. सर्वांचे डोळे लागलेल्या पडद्यावर चोरून खेळ खेळता येत नाही.

५. अँड्रॉइड मोबाईलमध्ये पडद्यावर एकच अ‍ॅप खिळवून ठेवण्याची सोय असते. शाळेच्या टॅबमध्ये तिचा उपयोग करावा. नवे अ‍ॅप घेण्यासाठी लागणारा संकेतशब्द शिक्षकांपाशीच असावा.

६. वर्गात खेळताना आढळलेल्या मुलाचा मोबाईल जमा करून तो पालकांच्याच हाती द्यावा. चारचौघांत अपमान करू नये. त्याला तास अवघड जातो की कंटाळवाणा वाटतो, हे एकांतात विचारावे. धडा न समजल्यामुळे खेळात दडी मारणारी मुलेही असतात.

पैशाचा खेळ आणि पालकांची दक्षता

खेळातील खरेदीपायी घरातील पैसा जाण्याचा धोका आहेच. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालक व शिक्षकांसाठी याविषयी सूचना प्रसृत केल्या. खेळाच्या अ‍ॅपवर बँकेचे कार्ड नोंदवू नये, मुलांनी खेळताना खरे नाव व खासगी माहिती देऊ नये, इंटरनेटचे साधन घरात सर्वांच्या नजरेसमोर वापरले जावे, या त्यांतील काही सूचना होत. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षेचा रोख खेळ चालविणाऱ्यांवर व त्याची जाहिरात करणाऱ्यांवर आहे, खेळणाऱ्यावर नाही. म्हणून फसलेल्या मुलाने घरी सांगण्यास भिऊ नये, असा विश्वास पालकांनी त्याला द्यावा. पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

खेळणारे प्रत्येक मूल व्यसनी नसते, हेही ध्यानात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत खेळविकाराचा समावेश असून ही सूची १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळ मोठा वाटणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू ठेवणे, ही त्याची लक्षणे होत. ती साधारणतः वर्षभर टिकून राहिल्यास तो विकार मानतात. झोप उडाली, जेवणखाण सुटले, चिडचिड वाढली, तर इतके दिवस वाट न पाहता १४४१६ या 'टेलिमानस'च्या निःशुल्क क्रमांकावर सल्ला घ्यावा.

नशिराबादसारख्या गावात भोंगा वाजो वा न वाजो, पालक सभा बोलावून दीड तासाचा नियम ठरविण्यास कोणाची आडकाठी नाही. शाळेने पेटी ठेवावी, घराने वेळ ठरवावी आणि दोन्हीकडच्या मोठ्यांनी तो नियम प्रथम स्वतः पाळावा. एवढे झाले, तर पोटाला चिमटा घेऊन घेतलेला तो मोबाईल ज्या कामासाठी आणला होता, त्या कामी येईल.