रक्तसाक्षी आणि दाखलेवाले

'हुतात्मा' हा शब्द आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. मराठीत तो आहे, कन्नडातही जसाच्या तसा आहे. हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेले. ज्याने स्वतःचीच आहुती दिली तो हुतात्मा. इंग्रजीतला 'मार्टर' हा शब्द आपण याच अर्थाने घेतो. परंतु तो ज्या ग्रीक शब्दावरून आला त्यात आहुतीचा मागमूसही नाही. त्याचा अर्थ नुसता 'साक्षीदार'. म्हणूनच आपल्याकडील ख्रिस्ती मंडळी 'रक्तसाक्षी' असाही शब्द वापरतात, आणि मला तो अधिक नेमका वाटतो. आहुतीत मरण हेच मुख्य. साक्षीत खरे बोलणे मुख्य, मरण हा त्याचा परिणाम. एवढा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती लोक छळाकडे कोणत्या दृष्टीने पाहत होते ते कळू लागते.

सर्वसाधारण समजूत अशी की हे लोक हसत हसत सिंहापुढे जात. काही गेलेही. पण आपण होऊन मरण ओढवून घेणे धर्मसभेला मान्य नव्हते. स्मर्ना (आजचे तुर्कस्तानातील इझमिर) येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना इ.स. १५५ च्या सुमारास जाळून मारण्यात आले. त्या घटनेचा जो वृत्तांत तेथील ख्रिस्ती लोकांनी लिहून ठेवला आहे, त्यात क्विंटस नावाच्या एका माणसाची हकीकत आहे. हा गृहस्थ स्वतः पुढे झाला, इतरांनाही त्याने पुढे ढकलले, आणि श्वापदे समोर दिसताच गर्भगळीत होऊन त्याने देवांना नैवेद्य दाखवला. यावर वृत्तांतकार स्पष्ट म्हणतात की आपण होऊन स्वाधीन होणाऱ्यांची आम्ही वाखाणणी करीत नाही. पुढे चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील एल्व्हिरा येथील सभेने तर असा नियमच केला की दुसऱ्यांच्या मूर्ती फोडताना जो मारला जाईल त्याला रक्तसाक्षींत गणू नये.

परंतु मला या विषयाची गोडी लागली ती मेलेल्यांमुळे नव्हे, न मेलेल्यांमुळे. आणि तीही एका कागदामुळे.

इ.स. २४९ मध्ये डेसियस रोमचा सम्राट झाला. साम्राज्यावर संकटे येत होती. देव कोपले आहेत, तेव्हा सर्व प्रजेने त्यांना बळी व मद्य अर्पण करावे, प्रसाद भक्षण करावा आणि नेमलेल्या पंचांकडून तसा दाखला घ्यावा, असे फर्मान निघाले. इजिप्तच्या कोरड्या वाळूत हे दाखले टिकून राहिले. आजवर चाळीसहून अधिक सापडले आहेत. बहुतेक इ.स. २५० च्या जून-जुलैमधले. मजकूर जवळजवळ छापील अर्जासारखा : अर्जदाराचे नाव, बापाचे नाव, गाव, कधी वय आणि अंगावरील व्रण, मी देवांना नेहमीच भजत आलो, आताही तुमच्या समक्ष अर्पण केले, तरी तसे प्रमाणित करावे, खाली सह्या आणि तारीख. एका बाईच्या दाखल्याच्या तर दोन प्रती मिळाल्या आहेत. एक बहुधा दप्तरी राहिली असावी! एक दाखला मगरदेवाच्या पुजारिणीचा आहे. म्हणजे जिची देवभक्ती हाच व्यवसाय, तिलाही कागद चुकला नाही. आमच्या मामलेदार कचेरीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

आता ख्रिस्ती माणसाने काय करावे? एक देव मानणाऱ्याला हे अर्पण करणे म्हणजे धर्म सोडणेच. नकार दिला तर कैद, छळ, प्रसंगी मरण. रोमचे बिशप फेबियन जानेवारी २५० मध्येच बळी पडले. पण उत्तर आफ्रिकेतील कार्थेज शहरात मोठ्या संख्येने लोक आपण होऊन देवळाकडे धावले. संध्याकाळ झाली, उद्या या, असे अधिकारी म्हणाले तर आजच उरका म्हणून लोक विनवू लागले, असे तेथील बिशप सिप्रियन यांनी खेदाने लिहिले आहे.

यांखेरीज तिसरा वर्ग होता, आणि कॉमर्सच्या विद्यार्थ्याला तोच सर्वांत ओळखीचा वाटेल. या लोकांनी बळी दिला नाही, धूपही जाळला नाही. अधिकाऱ्याला पैसे चारून नुसता दाखला मिळवला. त्यांचे म्हणणे असे : मी ख्रिस्ती आहे, मला अर्पण करता येत नाही, हे मी अधिकाऱ्याला सांगितले, करायचे नव्हते म्हणूनच पैसे मोजले, मग मी धर्म कुठे सोडला? युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. मात्र साक्ष या शब्दाचा अर्थ आठवा. त्याचे हात स्वच्छ राहिले असतील, पण त्याच्या नावाचा कागद सांगत होता की याने देवांना अर्पण केले. ती खोटी साक्ष झाली. सिप्रियन यांनीही हे पापच ठरवले. मात्र बळी देणाऱ्याच्या पंक्तीला या माणसाला बसवले नाही. मला हा निवाडा योग्य वाटतो.

छळ ओसरू लागताच हे सर्व लोक परत येऊ पाहू लागले. येथे आणखी एक कागद निघाला. तुरुंगात हाल सोसलेल्यांचा मान मोठा. त्यांच्या शिफारशीच्या चिठ्ठ्या घेऊन लोक येत. काही चिठ्ठ्यांत 'अमक्यास त्याच्या मंडळींसह सामावून घ्यावे' एवढेच लिहिलेले. मंडळी म्हणजे किती? वीसही निघतील, तीसही निघतील, अशी तक्रार सिप्रियन करतात. रक्कम न लिहिता सही केलेला चेकच तो!

इ.स. २५१ मध्ये कार्थेजला बिशपांची सभा भरली. दाखलेवाल्यांचे एकेकाचे प्रकरण तपासून त्यांना परत घ्यावे. बळी देणाऱ्यांनी प्रायश्चित्त करीत राहावे, त्यांना मृत्युसमयी क्षमा मिळेल, असे ठरले. थोड्याच काळात पुन्हा छळाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा प्रायश्चित्त करीत असलेल्या सर्वांनाच घेतले. निःशस्त्र माणसाला लढाईला कसे पाठवणार, हा विचार त्यामागे होता. रोममध्ये नोव्हेशियन यांना हे मुळीच पटले नाही. एकदा ढळला त्याला पुन्हा दार नाही, असे म्हणून त्यांनी वेगळा पंथ काढला व तो पुढे काही शतके टिकला.

सिप्रियन स्वतः काय करीत होते? ते २५० मध्ये शहर सोडून लपले होते. त्यावरून त्यांना बोलणीही बसली. कळप टाकून पळणारा मेंढपाळ कसला, असा सूर रोमहून आलेल्या पत्रात होता. त्याच कार्थेजमध्ये सुमारे चाळीस वर्षांपूर्वी टर्टुलियन यांनी पळून जाणे आणि लाच देऊन सुटणे या दोहोंचा कडक निषेध केला होता. सिप्रियन यांचे उत्तर : एका गावी छळ झाला तर दुसऱ्या गावी जा, ही ख्रिस्ताचीच आज्ञा आहे, पळणाऱ्याने घरदार गमावले, पण तो खोटे बोलला नाही. लपूनही ते पत्रांद्वारे मंडळीचा कारभार चालवीत होते.

पुढे सम्राट व्हॅलेरियन यांच्या काळात त्यांना प्रथम हद्दपारी झाली. २५८ मध्ये त्यांना युटिका या दुसऱ्या शहरी नेण्याचा बेत कळताच ते पुन्हा थोडे दिवस लपले. कारण एवढेच की बिशपाने साक्ष द्यायची ती आपल्या गावी, आपल्या लोकांसमोर. अधिकारी कार्थेजला आल्यावर ते हजर झाले. देवांना अर्पण करण्यास नकार दिला आणि १४ सप्टेंबर २५८ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. त्याआधी, मारेकऱ्याला पंचवीस सुवर्णनाणी द्यावीत, असे त्यांनी आपल्या माणसांना सांगितले होते. रात्री लोकांनी मशाली घेऊन त्यांचा देह नेला व पुरला.