सातबाऱ्यावरचं औंध

मी तलाठी होतो. निवृत्त झालो तरी लोक कागद घेऊन ओट्यावर येतातच. प्रश्न बहुतेक एकच: "अण्णा, जमीन आमची, मग विकायला परवानगी कशाला?"

उत्तर द्यायचं तर औंधपासून सुरुवात करावी लागते. आमची आटपाडी म्हणजे पंतप्रतिनिधींच्या औंध संस्थानातला महाल. राजधानीपासून तुटलेला, मधे इंग्रजी मुलूख. भवानराव पंतांनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ च्या सुमारास कारभार ग्रामपंचायतींच्या हाती दिला. जवळच स्वतंत्रपूर वसवून तिथे कैद्यांना बेडीविना शेती करायला लावली. ही खुली वसाहत आजही कारागृह खात्याकडे आहे. 'दो आँखें बारह हाथ' चित्रपटामागे हीच वसाहत.

मार्च १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. आटपाडी पुढे दक्षिण सातारा जिल्ह्यात गेली. १९६० मध्ये त्याच जिल्ह्याचं नाव सांगली झालं. राजा गेला, जिल्हाधिकारी आला. पण जमिनीचा खरा उलथापालथीचा काळ त्यानंतरचा.

१ एप्रिल १९५७ चा कृषकदिन. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्यानं मालक ठरलं. किंमत मात्र सरकारनं ठरवायची, शेतसाऱ्याच्या २० ते २०० पटींमध्ये. मालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल तर हक्क लांबणीवर. माझं मत सांगतो: कायदा चांगला होता, पण ज्याचं नाव कागदावर आलंच नाही, जो तोंडी वाट्यानं कसत होता, त्याच्या हाती काही लागलं नाही. काहींनी तर मालकाच्या शब्दाखातर कूळहक्काचे राजीनामे लिहून दिले.

मग वतनं, म्हणजे गावच्या चाकरीपोटी मिळालेल्या जमिनी. कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्यानं गेलं, महार वतन १९५८ च्या. आटपाडीतच १९२१ मध्ये जन्मलेल्या शंकरराव खरातांच्या 'तराळ-अंतराळ'मध्ये वतनाच्या चाकरीचं जिणं आहे. चाकरी संपली, जमीन त्याच घरांना परत दिली, पण नवीन अविभाज्य शर्तीवर. म्हणून सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' दिसतं, आणि म्हणून विकताना परवानगी व सरकारला भरायचा नजराणा. धनदांडग्यानं स्वस्तात बळकावू नये म्हणून ही अट. तरी कमी गुंठ्यांच्या मालकाला लेकीच्या लग्नापायी विकायची वेळ आली, की तीच अट गळ्यात येते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, मी कुणालाच उलटं बोलत नाही.

आता टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी आलं. जिथे कुसळं उगवायची तिथे डाळिंब उभं आहे आणि ज्या माळाकडे कुणी पाहत नव्हतं, त्याला भाव आला. पूर्वी बाप गेला की बहिणी भावाला सहज हक्कसोड लिहून द्यायच्या; साडीचोळीवर मामला मिटायचा. वारसाची नोंद धरली की हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते. तेव्हा ती कुणी उघडूनही पाहत नसे. आता बहिणी तिला उत्तर देतात, वकिलाकडून.