दगडू, धोंडू ही नावं का ठेवायचे? आजोबांच्या नावामागची गोष्ट

लग्नाची पत्रिका छापायला टाकायची वेळ आली की कल्याण, मुरबाड, शहापूरकडच्या काही घरांत एका नावावर गाडी अडते. नवरदेवाच्या आजोबांचं नाव असतं धोंडू, नाहीतर दगडू. नातू डोंबिवलीत नोकरीला, मुलीकडची मंडळी ठाण्याची. ‘कै. धोंडू’ छापलं तर लोक हसतील का, त्यापेक्षा दुसरं एखादं बरं नाव टाकावं का, असा घोळ चालतो. आजी मात्र म्हणते, जे नाव होतं तेच टाका. हे नाव कुठून आलं ते कळलं, की आजीचं म्हणणं पटतं.

आज बारशाला आरव, अथर्व, विहान, शौर्य अशी नावं ऐकू येतात. दगडू आणि धोंडू ही नावं पाळण्यात ऐकू येत नाहीत. ती उरली आहेत म्हाताऱ्या माणसांत, जुन्या सातबाऱ्यावर आणि वडिलांच्या नावाच्या रकान्यात. पण एके काळी ही नावं गावोगाव होती, आणि ती कुणी गंमत म्हणून ठेवत नसे.

नावाचा अर्थ

अर्थ सरळ आहे. दगड तो दगडू, धोंडा तो धोंडू. त्याचीच पुढची रूपं धोंडिबा, धोंडीराम, धोंडो, धोंडोपंत. बोलताना आपण दगड हा शब्द वाईट अर्थानेच जास्त वापरतो. अभ्यासात मागे पडलेल्या पोराला दगड म्हणतात. स्वतःचं नुकसान करून घेतलं तर पायावर धोंडा पाडून घेतला म्हणतात. मग आईबाप स्वतःच्या पोटच्या पोराला असं नाव का देत होते?

कारण पोरं जगत नव्हती. एक गेलं, दुसरं गेलं, तिसरं पाळण्यात आलं की घरातली जाणती बाई सांगायची, याला चांगलं नाव ठेवू नका. चांगल्या नावाच्या पोरावर नजर जाते, सटवाईची, भुताखेताची किंवा माणसाची. ज्याला घरचेच दगड म्हणतात त्याच्याकडे कोण बघणार? तो बिनकामाचा समजून राहून जाईल, अशी ती समजूत होती.

याच समजुतीतून नावांचं एक अख्खं कुटुंब तयार झालं. केर म्हणजे कचरा, त्यावरून केरू आणि कचरू. कोंडा म्हणजे धान्याचं टरफल, त्यावरून कोंडू. भीक मागून मिळालेला तो भिकू, भिकाजी. विदर्भ-खानदेशाकडे उकिरड्यावरून उकर्डा. कुठे मुलाचं नाक टोचून त्यात नथ घालत, म्हणजे मुलगी समजून नजर टळेल, आणि त्यावरून नाव पडे नथू. कुठे बाळ दुसऱ्या बाईला मूठभर धान्याला ‘विकत’ आणि परत घेत, म्हणजे ते या दुर्दैवी घरचं राहिलं नाही असं दाखवायचं.

ही रीत शंभर वर्षांपूर्वी कागदावरही आली. ए. एम. टी. जॅक्सन या इंग्रज अधिकाऱ्याने शाळामास्तरांकडून लोकांच्या समजुती लिहून मागवल्या होत्या. १९०९ मध्ये नाशिकला जॅक्सनचा वध झाला. पुढे आर. ई. एन्थोव्हेन यांनी ती टिपणं पुस्तकरूपात छापली. त्यातला कोकणचा भाग १९१५ मध्ये निघाला. मूल जगावं म्हणून हलकं नाव ठेवण्याची चाल त्यात नोंदलेली आहे.

ही चाल फक्त आपल्याकडची नाही. उत्तरेत हिंदी मुलखात घसीटा, घूरा अशी नावं याच कारणाने ठेवत. मंगोलियात नेरगुई असं नाव ठेवतात, त्याचा अर्थ ‘नाव नसलेला’. नायजेरियातल्या योरुबा लोकांत मुलं वारंवार दगावणाऱ्या घरात ‘पुन्हा जाऊ नकोस’ अशा अर्थाचं मालोमो हे नाव असतं. जिथे पाळणे रिकामे होत होते, तिथे आईबापांना सारखीच युक्ती सुचली.

दगडाची दुसरी बाजू

दगड म्हणजे नुसतं टाकाऊ, असंही नाही. गावाच्या वेशीवर शेंदूर फासलेला धोंडा हाच गावदेव असतो. वारा-पावसात तो जागचा हलत नाही. ठाण्यात एका जुन्या शाळेला दगडी शाळा म्हणतात. पोरगं दगडासारखं टिकावं, हा आशीर्वादही त्या नावात धरलेला असे. बाहेरच्या नजरेला ते हलकं दिसायचं, घरच्यांना मात्र त्यातला टिकाऊपणा माहीत होता.

काही घरांत धोंडू नावाचं कारण वेगळं सांगतात. अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला धोंडे खायला बोलावतात तो हा महिना. साधारण तीन वर्षांतून एकदा तो येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. या महिन्यात जन्मलेल्याला धोंडू म्हणत, असं ही घरं सांगतात.

धोंडू आणि धुंडिराज यांची गल्लत मात्र करू नये. चित्रपट महर्षी दादासाहेब फाळके यांचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. धुंडिराज हे काशीच्या ढुंढिराज गणपतीचं नाव, त्याचा धोंड्याशी संबंध नाही. बोलण्यात धुंडिराजाचाही धोंडू होऊ शकतो. म्हणून प्रत्येक धोंडोपंतामागे दगावलेली भावंडं असतीलच असं नाही.

तसंच शहापूर, मुरबाडच्या आदिवासी पाड्यांवर सोमा, मंगळ्या, बुधा, शुक्र्या अशी नावं असतात. ती जन्मवारावरून पडलेली. ऐकायला जुनी वाटली तरी त्यांचं कारण वेगळं आहे.

कुणाचा धोंडोपंत, कुणाचा धोंड्या

ही नावं सगळ्या जातींत होती, पण हाक सगळ्यांना सारखी नव्हती. १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे यांचं मूळ नाव धोंडोपंत. त्यांचं जन्मदात्याकडचं घराणं आपल्या शेजारच्या कर्जत तालुक्यातल्या वेणगावचं. लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू केरूनाना छत्रे यांचं खरं नाव विनायक, पण जग त्यांना केरो लक्ष्मण म्हणूनच ओळखतं. पुण्याच्या सगळ्यात प्रसिद्ध गणपतीला आपण दगडूशेठ हलवाईंच्या नावानेच ओळखतो.

हेच नाव गावकुसाबाहेर गेलं की त्याचा धोंड्या, दगड्या, कचऱ्या व्हायचा. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचं नाव तिरस्कार वाटेल असं ठेवावं, असं सांगितलं आहे. त्यामुळे दलित घरांत अशा नावाचा अर्थ नुसता नजर टाळण्याचा राहिला नाही, ते अपमानाचंही चिन्ह झालं. दया पवार यांचं १९७८ मध्ये आलेलं ‘बलुतं’ हे आत्मकथन ज्याच्या तोंडून येतं, त्याचं नाव दगडू मारुती पवार. ते लेखकाचंच मूळ नाव. आंबेडकरी चळवळीनंतर कित्येक घरांनी ठरवून मुलांना सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, गौतम अशी नावं दिली, त्यामागे हा राग होता. तो समजून घेतला पाहिजे. एका घरी प्रेमाने ठेवलेलं नाव दुसऱ्या घरी टोचत होतं, हे दोन्ही खरं आहे.

नावं मागे का पडली?

शहर जवळ आलं, शाळा आल्या, सिनेमा-टीव्ही आला, म्हणून नावं बदलली हे खरंच. पण मोठं कारण वेगळं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी दोनशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत जात. देवी, पटकी, प्लेग, १९१८ ची मानमोडी, आणि बाळंतपणातला धनुर्वात. १९५१ मध्ये हा आकडा हजारी १४६ धरला जातो. २०२० च्या सरकारी नमुना नोंदणीत महाराष्ट्राचा आकडा हजारी १६ होता.

मधल्या काळात देवीची लस गावोगाव पोहोचली. १९७५ नंतर देशात देवीचा रुग्ण सापडला नाही. १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. पोरं जगायला लागली तशी त्यांना लपवायची गरज उरली नाही. अंगणवाडीतल्या लसीच्या कार्डाने जे काम केलं, तेच काम आधी नावाकडून करून घ्यायचा प्रयत्न होता. दगडू नाव दुर्मिळ झालं, ही एका अर्थाने चांगली बातमी आहे.

२०१४ मध्ये ‘टाइमपास’ सिनेमा आला आणि त्यातला दगडू पोरांच्या तोंडी बसला. तेवढ्याने नाव पाळण्यात परत आलं नाही. पण ते हसण्यावारी नेणाऱ्यांना निदान एक लाडका दगडू मिळाला.

नाव बदलताना कागद सांभाळा

जुनं नाव लपवायच्या नादात काही घरं वेगळ्याच अडचणीत येतात. आजोबा सातबाऱ्यावर धोंडू, मतदार यादीत धोंडीराम आणि मृत्यू दाखल्यावर ज्ञानदेव, असं झालं की वारस नोंदीला तलाठ्याकडे फेऱ्या सुरू होतात. समृद्धी महामार्ग शहापूर, भिवंडीतून गेला, मुंबई-वडोदरा मार्गाचं कामही याच पट्ट्यात आहे. जमीन संपादनाच्या पैशाच्या वेळी दोन नावांचा माणूस एकच आहे हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्रं करावी लागतात.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. दोन नावं चालत असतील तर ‘धोंडू ऊर्फ ज्ञानदेव’ अशी ऊर्फ लावून नोंद असलेली बरी. सातबाऱ्यावर लिहिण्याची चूक झाली असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. आणि नाव बदलायचंच असेल तर ते माणूस हयात असताना शासन राजपत्रात जाहीर करून बदलावं, माणूस गेल्यावर घरच्यांनी परस्पर नवं नाव लावू नये.

नवीन बाळाचंही तसंच. जन्माची नोंद वेळेत केली असेल तर बाळाचं नाव नोंदीपासून १२ महिन्यांत फुकट घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळा प्रवेशापासून बऱ्याच कामांना जन्म दाखलाच लागणार आहे. त्यामुळे घरात हाक काहीही मारा, दाखल्यावरचं नाव नीट ठरवून टाका.

पत्रिकेवर काय छापायचं?

धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ काढलं. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. ते १०४ वर्षं जगले. त्या नावाने त्यांचं काही अडलं नाही.

बाळाचं नाव दगडू ठेवा, असं आज कुणी सांगणार नाही, तशी गरजही नाही. पण ज्यांचं ते होतं, त्यांचं ते राहू द्यावं. आजोबांच्या आधी गेलेल्या भावंडांची नावं कुठल्याच कागदावर नाहीत. त्यातल्या काहींचं तर बारसंही झालं नसेल. ती होऊन गेली, याची घरात उरलेली खूण म्हणजे आजोबांचं नाव. पणजीने ते भीत भीत ठेवलं आणि पोरगं जगलं, म्हणून तर आज नातवाची पत्रिका छापली जाते आहे. त्यात ‘कै. धोंडू’ असंच छापावं.