शेण मोजणारे शास्त्रज्ञ

सकाळी शेणाची पाटी घेऊन बाई गोबर गॅसपाशी यायची. शेण तोलायचं, वहीत नोंद करायची, मग ते कालवून टाकीत सोडायचं. जेवढं शेण दिलं त्या मानानं स्लरी परत मिळायची, ती शेतात खत म्हणून. शेण आणून घालण्याचे थोडे पैसेही हातावर पडायचे. याच शेणाच्या गॅसवर गावात नळाला पाणी यायचं आणि रात्री घरात दिवा लागायचा. कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यातलं पुरा हे गाव, १९८७ सालापासूनची ही गोष्ट.

तिच्यामागे होती बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. तिथे १९७४ साली 'अस्त्र' हे केंद्र सुरू झालं, खेड्यांसाठी विज्ञान वापरायला. त्याचे प्रवर्तक अमूल्य रेड्डी मूळचे विद्युत-रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्या चमूनं उंग्र गावात ठाण मांडलं आणि आधी मोजमाप केलं. चुलीला सरपण किती लागतं? ते कोण आणतं? त्यात बायकापोरांचे किती तास जातात? गावाची बहुतेक ऊर्जा चुलीतच खर्च होत होती. म्हणून जवळच्या पुऱ्यात गोबर गॅस बांधला तो आधी स्वयंपाकासाठी. पण गावभरच्या शेगड्या पेटतील एवढं शेणच जमेना.

अशा ठिकाणी प्रकल्प गुंडाळले जातात. ही मंडळी मात्र पुन्हा गावात जाऊन बसली, लोकांना नेमकं काय हवंय ते विचारलं. बायकांना आधी हवं होतं स्वच्छ पाणी. मग तोच गॅस इंजिनाला दिला, जोडीला थोडं डिझेल. त्यातून निघालेल्या विजेवर कूपनलिकेचा पंप चालला, पुढे दिवे लागले. शेणातलं नत्र स्लरीत राहतंच, त्यामुळे शेताचंही नुकसान नव्हतं. इंजिन चालवायला गावातलीच तरुण मुलं शिकली.

शाश्वत विकासात विद्यापीठांनी काय करावं, असं कुणी विचारलं की मला गावात पुन्हा जाऊन बसणारी ही माणसं आठवतात. यंत्र बसवणं त्यामानानं सोपं. आपला अंदाज चुकला हे मान्य करून प्रश्नच बदलायचा, याला वर्षं लागतात, आणि प्राध्यापकाच्या बढतीच्या अर्जात त्या वर्षांना जागा नसते. ही जागा व्हायला हवी.

याच वाटेनं जाणारं 'सितारा' हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र पवईच्या आयआयटीत १९८५ पासून आहे. पाण्याची योजना कागदावर पूर्ण झाली, तरी नळाला पाणी का येत नाही, हे तपासायला तिथले विद्यार्थी आजूबाजूच्या गावांत जातात.