आधी यवागू, मग आहुती

खंडेनवमीस भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून लेथ व प्रेस यांना हळदकुंकू लागते, झेंडूचे हार चढतात. त्याच कारखान्यांतून आता कोणते काम कोणी केव्हा करावयाचे हे संगणक ठरवितो, असे आमचे श्रोते सांगतात. वस्तुतः तो ठरवीत नाही. आपण दिलेला क्रम तो केवळ मोजतो. आणि क्रम कशावरून ठरवावा, याचा सूक्ष्म विचार जैमिनींनी पूर्वमीमांसेच्या पाचव्या अध्यायात केलेला आहे.

श्रुती, अर्थ, पाठ, स्थान, मुख्य व प्रवृत्ती ही क्रमाची सहा प्रमाणे होत. पैकी दोनच पाहू. वेदवचनांत अग्निहोत्राचा होम आधी सांगितला आहे आणि यवागू, म्हणजे पेज, शिजविणे मागाहून. पेजेवाचून होम कशाचा करावयाचा? म्हणून मीमांसक म्हणतात, पाठक्रम बाजूस ठेवा, पेज आधी शिजवा. पाठाहून अर्थ बलवान.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टसारख्या आज्ञावलीत लिहिलेली सर्व कामे एकाच साखळीत गुंफता येतात. एक संपले की दुसरे सुरू. हा निव्वळ पाठक्रम! समजा, एक डाय करावयाचा आहे. आराखड्यास ६ दिवस, पोलाद आणण्यास ४, तयार गाइड पिलर व बुश मागविण्यास १०, यंत्रकामास ८, हीट ट्रीटमेंटला ३, ग्राइंडिंगला ४, जुळणीस ३, चाचणीस २. साखळीने बेरीज ४० दिवस. पण पिलर जुळणीपर्यंत लागतच नाहीत! आराखडा होताच ते मागवावेत, इकडे पोलादाचे काम चालू द्यावे; ३० दिवसांत डाय तयार. ग्राइंडिंग मात्र हीट ट्रीटमेंटच्या आधी उरकून चालणार नाही, कारण तापविलेले पोलाद किंचित वाकते. अशी जी सर्वांत लांब साखळी, तीवरच मुदत अवलंबून असते. अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत १९५७ च्या सुमारास हीच रीत गणिताने बांधली गेली.

त्या खोट्या दहा दिवसांची झळ कोणास लागते? मुदत हुकते असे कागदावर दिसताच शेवटच्या जुळणीवाल्यास दसऱ्याच्या रात्री थांबवून घेतात. घरी पाटावर ताट वाढलेले असते.

दुसरा बंध हाताचा. दोन कामांचा परस्परांशी काही संबंध नसेल. पण ग्राइंडर एक व कारागीर एक, तर ती एकामागून एकच होणार. कोणाच्या माथी कोणते काम, हे नोंदविल्यावाचून आज्ञावली दोन्ही एकाच दिवशी मांडते, आणि माणूस दुभंगत नाही! नोंद केली व भार समतोल करावयास सांगितले, म्हणजे ती एक काम पुढे सरकविते.

आणखी एक. सुट्या सांगितल्या तरच तिला कळतात. खंडेनवमी व दसरा तिथीने येतात, इंग्रजी तारीख दरसाल बदलते. तेव्हा आराखडा मांडताना शेजारी पंचांग उघडून ठेवावे आणि ते दोन दिवस आधी भरून टाकावेत.